कोतवालाची वही आणि परदेशाची वाट

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातली एखादी पावरा मुलगी परदेशी शिकण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज करते, तेव्हा तिच्या फाइलमध्ये काय काय असतं? एक कागद लंडनहून किंवा मेलबर्नहून ई-मेलने आलेला असतो, प्रवेश मिळाल्याचा. दुसरा असतो तिच्या पणजोबांच्या जन्माच्या नोंदीची नक्कल. त्या माणसाने कदाचित तापी नदीही ओलांडली नसेल. पण त्याचा कागद नसेल, तर लंडनचा कागद असूनही गाडी अडते!

असं का? महाराष्ट्रात अनुसूचित जमातीच्या सवलती घ्यायच्या तर जातीच्या दाखल्याची पडताळणी होते. जमातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने ६ सप्टेंबर १९५० रोजी निघाली. त्याआधीचा पुरावा सगळ्यात वजनदार. यातला तर्क किती सुंदर आहे बघा. १९३० साली वहीत ‘भिल’ किंवा ‘पावरा’ लिहून घेऊन कुणाच्या पदरात काय पडणार होतं? काहीच नाही. म्हणून ती नोंद खरी मानायची. ज्या कागदापासून तेव्हा काहीही मिळणार नव्हतं, तोच आज सगळं मिळवून देतो.

बहुतेक ठिकाणी असा पुरावा शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात सापडतो. पण सातपुड्याच्या घड्यांमधल्या कित्येक पाड्यांवर तेव्हा शाळाच नव्हती. मग शोध सुरू होतो कोतवाल बुकाचा, म्हणजे गाव नमुना १४ या जन्म-मृत्यूच्या वहीचा. तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जीर्ण पानं हलक्या हाताने उलटायची. आडनाव बहुधा नसतंच. नाव, बापाचं नाव, जात, बस. त्यातही जुनी नोंद मोडी लिपीत निघाली तर? मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्यतो न उचलता. ते वाचायला जाणकार गाठावा लागतो. मग वंशावळ मांडायची आणि त्या एका ओळीपासून या मुलीपर्यंतचा धागा जोडून दाखवायचा.

आणि हा कुठला जिल्हा? देशातलं पहिलं आधार कार्ड जिथे दिलं गेलं, तो! शहादा तालुक्यातलं टेंभली गाव, २९ सप्टेंबर २०१०. बोटांचे ठसे नि डोळ्यांची बुबुळं दिली की माणूस ‘तोच’ ठरतो. पण तो ‘कुणाचा’, हे सांगायला अजून कोतवालाची वहीच लागते.

पुढचा टप्पा इंग्रजीच्या परीक्षेचा. घरी पावरी, शाळेत मराठी, त्यानंतर कधीतरी इंग्रजी. आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारांचे गुण नऊपैकी मिळतात आणि त्यांची सरासरी काढतात. इथे एक गंमत आहे. सरासरी ६.२५ आली तर ती ६.५ धरतात, त्याहून जरा कमी असेल तर सहाच. एकाच भागातल्या अर्ध्या गुणाने विद्यापीठाचं दार उघडतं किंवा बंद राहतं.

मग येतं उद्देशपत्र. हाच विषय का? समजा, तिला सिकलसेलवर काम करायचंय, कारण हा आजार नंदुरबारच्या घराघरांतला. आपल्या जनुकीय मजकुरात तीन अब्जांवर अक्षरं असतात. त्यातलं एकच अक्षर बदललेलं! आई-बाप दोघांकडून ते आलं तर लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात. पण एकाकडूनच आलं तर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पूर्वजांनी दिलेली ही नोंद कोतवालाच्या वहीहून कितीतरी जुनी, आणि तीच तिच्या संशोधनाचा विषय. माझ्या मते कुठल्याही निवड समितीपुढे यापेक्षा भक्कम कारण ठेवता येणार नाही.

आता जागा मोजा. केंद्र सरकारची अनुसूचित जमातींसाठीची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५पासून चालत आली आहे. जागा वर्षाला २०, त्यातल्या ३ अतिअसुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव. वीस, अख्ख्या देशात! आणि २०११च्या जनगणनेत एकट्या नंदुरबारमध्ये अकरा लाखांवर आदिवासी होते. पण एका जागेने काय होतं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९१३ साली बडोदा संस्थानाने एका तरुणाशी करार केला: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. करारावर सही करणारा तरुण होता भीमराव आंबेडकर. तो कोलंबिया विद्यापीठात गेला. शिष्यवृत्ती देणारे बडोद्याचे महाराज सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. दत्तक जाईपर्यंत, वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत, त्यांना स्वतःलाच लिहिता-वाचता येत नव्हतं.

पडताळणीतली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. एकाला वैधता प्रमाणपत्र मिळालं की वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या इतरांसाठी तोच मोठा पुरावा ठरतो. नातं सिद्ध करावं लागतं, पण पणजोबांचा शोध पुन्हा शून्यापासून करावा लागत नाही. म्हणजे रेकॉर्ड रूममधली धूळ या मुलीने एकदा झाडली, की पुढच्या वर्षी तिचा चुलतभाऊ थेट आयईएलटीएसच्या तयारीला लागू शकतो.