अडखळणारीं चलच्चित्रें

हल्लीं विवाह, बाप्तिस्मा, वाढदिवस, शाळेचें स्नेहसंमेलन अशा प्रसंगांचें चित्रण करून ठेवण्याची चाल घरोघरीं पडली आहे. पुष्कळ कपाटांतून दहा-पंधरा वर्षांपूर्वींचे कॅमकॉर्डर व त्यांचीं कार्डें जपून ठेवलेलीं आढळतात. एखाद्या सुटींत मुलें तें चित्रण घरच्या संगणकावर घेऊन त्यांतील नको असलेला भाग कापूं लागतात, आणि चित्र अडखळूं लागतें. आवाज पुढें जातो, माणसें मागें राहतात. मग पालकांस वाटतें कीं, संगणक कुचकामी झाला, आतां नवा घेतला पाहिजे. असा खर्च करण्यापूर्वीं या अडखळण्याचें कारण नीट समजून घ्यावें, अशी आमची विनंति आहे. कारण तें कळलें म्हणजे उपाय मुळींच महाग नाहीं, असें दिसून येईल.

प्रथम थोडा हिशेब करूं. उच्च प्रतीच्या एका चित्रांत आडवे १९२० व उभे १०८०, असे एकूण २०,७३,६०० बिंदु असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठीं ३ बाइट धरल्यास एका चित्रास सुमारें ६२ लक्ष बाइट लागतात. सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर एका सेकंदाचे साडेपंधरा कोटि बाइट झाले! इतकी सामग्री लहानशा कार्डावर मावावी कशी? म्हणून सोनी व पॅनासॉनिक या कंपन्यांनीं २००६ सालीं 'एव्हीसीएचडी' नांवाची पद्धति पुढें आणिली. तिच्यांत एच.२६४ या रीतीनें चित्रण दाबून बसवितात. प्रारंभीं ठरलेल्या कमाल मर्यादेनुसार एका सेकंदास सुमारें ३० लक्ष बाइट, म्हणजे मुळाच्या जवळजवळ पन्नासाव्या हिश्शाइतकी जागा पुरते.

हें साधतें कसें? वर्गाच्या हजेरीचें उदाहरण घ्या. समजा, सोमवारीं गुरुजींनीं चाळीस मुलांचीं नांवें पूर्ण लिहिलीं. मंगळवारीं एवढेंच लिहिलें कीं, 'कालच्याप्रमाणें, मात्र अमुक दोघे गैरहजर'. बुधवारीं, 'कालच्याप्रमाणें, त्यांपैकीं एक परत आला.' कागद वांचला खरा. पण गुरुवारीं वर्गांत कोण होतें असें कोणीं विचारल्यास सोमवारपासून वाचीत यावें लागेल. दाबलेल्या चित्रणांत असेंच घडतें. साधारणतः अर्ध्या सेकंदांत एकदां पूर्ण चित्र सांठविलेलें असतें. मधल्या चित्रांच्या जागीं केवळ फरकांची नोंद असते, आणि कांहीं नोंदी तर मागील व पुढील अशा दोन्ही चित्रांवर अवलंबून असतात.

चित्रण नुसतें पाहावयाचें असतें तेव्हां संगणक क्रमानें पुढें जातो, म्हणून त्यास हें ओझें पेलतें. संपादन करतांना मात्र आपण मध्येंच थांबतों, मागें फिरतों, दोन दृश्यें एकावर एक ठेवितों. अशा प्रत्येक उडीस त्यास जवळचें पूर्ण चित्र शोधून तेथून सर्व फरक पुन्हां मांडावे लागतात. १९९५ सालीं आलेल्या डी.व्ही. पद्धतींत प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असे. म्हणून तें चित्रण पुष्कळ जुन्या संगणकांवरहि सुरळीत कापतां येई. तात्पर्य, सांठवणीसाठीं बांधलेली मोट आपण न सोडतांच वापरूं पाहतों, म्हणून ही अडचण येते.

यावरून उपाय सहज सुचतो: सांठवणीची प्रत निराळी व कामाची प्रत निराळी ठेवावी. शॉटकट व केडेनलाइव्ह हीं संपादनाचीं सॉफ्टवेअरें विनामूल्य मिळतात व दोहोंत 'प्रॉक्सी' नांवाची सोय आहे. ती चालू केली असतां संगणक प्रत्येक दृश्याची एक लहान प्रत तयार करितो. तिची लांबी-रुंदी निम्मी, म्हणजे ९६० व ५४० ठेविली, तर बिंदु चौथ्या हिश्शावर येतात. या तयारीस वेळ लागतो. ती रात्रीं लावून ठेवावी. कापणें, जोडणें, आवाज बसविणें हें सर्व लहान प्रतीवर करावें. अखेर तयार चित्रपट बाहेर काढण्याच्या वेळीं चित्रें मूळ चित्रणांतूनच घेतलीं जातात. त्यामुळें लहान प्रतीचा कमी दर्जा शेवटच्या कृतींत उतरत नाहीं. ज्यांस पूर्ण आकाराचीच कामाची प्रत हवी, त्यांनीं प्रोरेससारख्या प्रकारांत रूपांतर करावें. तेथें प्रत्येक चित्र स्वतंत्र असतें. मात्र प्रोरेस ४२२ मध्यें एका तासास सुमारें ५५ गिगाबाइट जागा लागते. मूळ चित्रणास सुमारें ११ पुरत होती.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. कामाची प्रत तयार झाली कीं कित्येक जण जागा वांचविण्यासाठीं मूळ चित्रण पुसून टाकितात. असें कदापि करूं नये. दाबलेल्या चित्रणावरून पुन्हां दाबलेली प्रत काढली कीं दर खेपेस कांहीं तपशील गळतो, आणि गळालेला तपशील कोणत्याहि युक्तीनें परत येत नाहीं. कार्डावरील सर्व फोल्डर जसेच्या तसे उतरून घ्यावे. कारण लांब चित्रणाचे अनेक तुकडे झालेले असतात व ते कोणत्या क्रमानें जोडावे याची माहिती इतर फोल्डरांत असते. मग ती सामग्री दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी. परलोकवासी आजीचा आवाज, आजोबांनीं जेवणापूर्वीं केलेली प्रार्थना, हीं ज्या कार्डावर आहेत, त्यांचें मोल कोणत्याहि संगणकाहून अधिक आहे.

मोबाइल फोनांचें चित्रणहि एच.२६४ किंवा २०१३ सालीं मान्य झालेल्या एच.२६५ या रीतीनें दाबलेलें असतें. म्हणून वरील नियम तेथेंहि लागू पडतात. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दृष्टांत आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलाच आहे. नव्या संगणकाचा हट्ट धरण्यापूर्वीं त्यांनीं एक रात्र प्रॉक्सीस द्यावी, आणि मूळ चित्रण कोठें ठेविलें आहे तें आईवडिलांस दाखवून ठेवावें.