एक कॉम्प्युटर, दहा खिडक्या : मुलांचे फॉर्म भरताना गोंधळ कसा टाळायचा?

शाळा सुरू झाली की आमच्या टेबलावर कागदांचा ढीग लागतो. उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, मागच्या वर्षाची मार्कशीट. शिष्यवृत्तीचे फॉर्म ऑनलाईन, यूडायस प्लसची माहिती ऑनलाईन, पगाराचं शालार्थही ऑनलाईन. नगर शहरात मुकुंदनगरला राहणारे असोत की श्रीरामपूर, संगमनेर, नेवाशाकडचे, आई-वडील मुलांचे कागद विश्वासाने शिक्षकाच्या हातात देऊन जातात. आम्ही एमएस-सीआयटी केलेले, त्यामुळे स्टाफरूममध्ये ‘कॉम्प्युटरवाले सर’ म्हणून हे काम आपोआप आमच्याकडे येतं.

एकदा आमच्या हातून चूक झाली. एकाच वेळी दोन मुलींचे फॉर्म उघडलेले. एकीचं पासबुक स्क्रीनवर होतं, खाते नंबर कॉपी केला, खालच्या पट्टीवर माऊस नेऊन घाईत खिडकी बदलली आणि नंबर चिकटवला तो दुसरीच्या फॉर्ममध्ये! सबमिट करण्याआधी प्रिंट काढून पासबुकाशी ताडून बघायची आमची सवय आहे, म्हणून लक्षात आलं. आलं नसतं तर एका मजुराच्या मुलीचे वर्षाचे पैसे अडकले असते. आणि तिच्या अब्बांना काय उत्तर दिलं असतं आम्ही?

त्या दिवशी ठरवलं की हे खिडक्या बदलण्याचं काम नीट शिकून घ्यायचं. जे शिकलो ते इथे सांगतो. घरी कॉम्प्युटर असेल, मुलं कॉलेजचे फॉर्म भरत असतील किंवा कोणी नेट कॅफे चालवत असेल, सगळ्यांच्याच कामाचं आहे.

आधी घरातलं शिकू : ऑल्ट आणि टॅब

काहीही नवीन टाकण्याआधी विंडोजमध्ये जे आहे तेच बघा. ऑल्टची कळ दाबून धरा आणि टॅब एकदा दाबा. उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्यांची छोटी चित्रं दिसतात. ऑल्ट न सोडता टॅब दाबत राहिलं की निवड पुढे सरकते. हवी ती खिडकी आली की ऑल्ट सोडायचा.

हा क्रम कसा लागतो? आम्ही पेपर तपासतो तेव्हा शेवटी हातात घेतलेला पेपर गठ्ठ्याच्या वर राहतो. विंडोजही तसंच करतं. आत्ता वापरलेली खिडकी सगळ्यात वर, त्याच्या आधीची तिच्या खाली. म्हणून ऑल्ट-टॅब एकदाच दाबून सोडलं की आपण बरोबर मागच्या खिडकीत जातो, पुन्हा दाबलं की परत पहिल्या खिडकीत. पासबुक बघून फॉर्म भरायचा असेल तर एवढंच पुरेसं आहे. त्या दोघांच्या मधे तिसरी खिडकी मात्र उघडू नका, नाहीतर गठ्ठ्याचा क्रम बदलतो.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा.

1. कंट्रोल, ऑल्ट आणि टॅब एकत्र दाबलं की यादी स्क्रीनवर तशीच थांबते. बाणाच्या कळांनी निवडायचं आणि एंटर दाबायचं. ज्यांची बोटं भरभर चालत नाहीत, त्या घरातल्या मोठ्यांसाठी हे सोपं आहे.

2. विंडोज-टॅब दाबलं की सगळ्या खिडक्या पसरून दिसतात. काय काय उघडं राहिलंय ते एका नजरेत कळतं.

3. विंडोजच्या कळेबरोबर डावा बाण दाबला की खिडकी अर्ध्या स्क्रीनवर डावीकडे जाते, उजवा बाण दाबला की उजवीकडे. डावीकडे पासबुक, उजवीकडे फॉर्म. खिडकी बदलायचीच नाही, तर चूक कुठून होणार!

4. विंडोज, कंट्रोल आणि डी दाबलं की नवीन रिकामा डेस्कटॉप उघडतो. विंडोज, कंट्रोल आणि बाण दाबून इकडून तिकडे जाता येतं. एका डेस्कटॉपवर शाळेचं काम, दुसऱ्यावर घरचं. हे आम्हाला फार आवडलं.

पॉवरटॉईज : नाव टाका, खिडकी समोर

खिडक्या चार-पाच असतील तर ऑल्ट-टॅब छान. पण पंधरा झाल्या की सगळी चित्रं सारखीच दिसतात. आधार कोणाचं, दाखला कोणाचा, काही कळत नाही. अशा वेळी खिडकीचं नाव टाईप करून तिला बोलावता आलं तर? त्यासाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे. पॉवरटॉईज हे नाव विंडोज 95 च्या काळापासूनचं. आत्ताचं रूप 2019 मध्ये नव्याने आलं.

टाकायचं कसं, ते क्रमाने बघू.

पहिलं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग अबाऊट उघडा. विंडोज 11 असेल तर प्रश्न नाही. विंडोज 10 असेल तर त्याची आवृत्ती 2004 किंवा त्यापुढची आणि 64 बिट हवी. त्याहून जुन्या मशीनवर हे चालणार नाही, तिथे ऑल्ट-टॅबवरच काम भागवा.

दुसरं, स्टार्टमधून मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा आणि पॉवरटॉईज शोधा. बनवणाऱ्याचं नाव मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन आहे ना, ते बघूनच इन्स्टॉल करा. गुगलवर शोधून कुठल्याही साईटवरून ‘फ्री डाउनलोड’ करू नका. ज्या कॉम्प्युटरवर मुलांचे आधार आणि बँकेचे कागद आहेत, त्यात अनोळखी फाईल येऊ देणं म्हणजे चोराला किल्ली देण्यासारखं आहे.

तिसरं, ते उघडल्यावर सेटिंग्जमध्ये बऱ्याच सोयींची यादी दिसेल. घाबरू नका, आपल्याला एकच हवी आहे, पॉवरटॉईज रन. तिचं बटण बंद असेल तर चालू करा. ज्या सोयी लागणार नाहीत त्या बंद ठेवा, विशेषतः 4 जीबी रॅमच्या मशीनवर. कॉम्प्युटर सुरू होताच हे आपोआप चालू व्हावं असं वाटत असेल तर जनरलमध्ये तशी सोय आहे.

चौथं, आता ऑल्ट आणि स्पेस दाबा. स्क्रीनवर एक पट्टी येईल. तिच्यात खिडकीच्या नावातली दोन-चार अक्षरं टाका आणि एंटर दाबा. हवी ती खिडकी समोर येते. या पट्टीत प्रोग्रॅम आणि फाईलीही येतात. फक्त उघड्या खिडक्याच हव्या असतील तर आधी गणितातलं ‘पेक्षा लहान’चं चिन्ह टाका, म्हणजे शिफ्ट धरून स्वल्पविरामाची कळ. मग नाव लिहा. ऑल्ट-स्पेस दुसऱ्या कुठल्या कामासाठी वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये ही कळ बदलता येते.

नाव शोधणार, तर नाव नीट हवं

इथे खरी मेख आहे. हे साधन खिडकीचं नाव वाचतं, आतला कागद नाही. स्कॅन केलेल्या फाईलचं नाव नुसता लांबलचक आकडा असेल तर शोधणार काय? म्हणून स्कॅन झाल्याझाल्या फाईलला मुलाचं नाव आणि कागदाचं नाव द्या : सना-उत्पन्न, सना-पासबुक, असं. ही नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली की शोधताना कीबोर्ड बदलावा लागत नाही. पंधरा मुलांचे कागद असले तरी ‘सना’ टाकलं की उघड्या खिडक्यांपैकी सनाच्याच समोर येतात.

दुसरी अडचण टॅबची. क्रोमच्या एकाच खिडकीत दहा टॅब असतील तर खिडकी एकच, आणि तिचं नाव म्हणजे त्या वेळी समोर असलेल्या टॅबचं नाव. मागचे नऊ टॅब पॉवरटॉईजच्या खिडक्यांच्या यादीत येत नाहीत. टॅबमध्ये फिरायला कंट्रोल-टॅब वापरा. क्रोममध्ये टॅब शोधायला कंट्रोल, शिफ्ट आणि ए आहे. किंवा महत्त्वाचा टॅब माऊसने ओढून बाहेर काढा, त्याची वेगळी खिडकी होते.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. एकाच ब्राउझरमध्ये दोन मुलांचे लॉगिन एकाच वेळी उघडू नका. खिडक्या दोन दिसल्या तरी ब्राउझरकडे त्या साईटच्या लॉगिनची खूण सहसा एकच असते. दुसऱ्या मुलाचं लॉगिन केलं की पहिल्या खिडकीतही साईट आपल्याला दुसराच मूल समजू शकते. वर नाव एकाचं आणि माहिती जाते दुसऱ्याच्या खात्यात! एकाचं काम पूर्ण करा, लॉगआउट करा, मग दुसऱ्याचं घ्या. फारच घाई असेल तर दुसरं मूल दुसऱ्या ब्राउझरमध्ये. खिडक्या बदलायचं साधन कितीही चांगलं असलं तरी हा घोळ ते थांबवू शकत नाही.

उर्दू आणि मराठी एकत्र लिहिणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बऱ्याच घरांत आणि शाळांत एकाच कॉम्प्युटरवर तीन भाषा चालतात. पालकसभेची सूचना उर्दूत, अहवाल मराठीत, फॉर्म इंग्रजीत. विंडोजमध्ये ऑल्ट-शिफ्ट दाबलं की कीबोर्डची भाषा बदलते. ऑल्ट-टॅबची यादी उलट फिरवायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब असतं. बोट टॅबवर पोहोचलंच नाही तर खिडकी तीच राहते आणि भाषा मात्र बदलून बसते. मग नाव लिहायला जावं तर उजवीकडून उर्दू सुरू! असं झालं तर विंडोज-स्पेस दाबून भाषा परत आणा.

यावर चांगला इलाज म्हणजे सेटिंग्जमध्ये टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जा. प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवायची सोय तिथे आहे, त्यावर खूण करा. आता उर्दूच्या वर्ड फाईलमध्ये गेलात की कीबोर्ड उर्दू, ब्राउझरमध्ये आलात की इंग्रजी. आमचा अर्धा वैताग यानेच गेला.

नेट कॅफेत असाल तर

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर काही इन्स्टॉल करू नका. ऑल्ट-टॅब सगळीकडे असतंच. उठण्याआधी विंडोज-टॅब दाबून बघा, आपली एखादी खिडकी उघडी राहिली आहे का. साईटवरून लॉगआउट व्हा, डाउनलोडमधून आपल्या फाईली काढा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. पोरीचं आधार कार्ड अनोळखी माणसाच्या स्क्रीनवर उघडं राहावं असं कोणत्या आईला वाटेल?

आणखी एक. विंडोज 10 साठी मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. ज्यांचं मशीन 11 वर जाऊ शकतं त्यांनी ते करून घ्यावं.

हे सगळं एका दिवसात जमणार नाही. आज फक्त ऑल्ट-टॅब करा, रोज दहा मिनिटं. बोटांना सवय झाली की पॉवरटॉईज टाका. घरातल्या आठवी-नववीच्या मुलाला सोबत बसवा, तो तुमच्या आधी शिकेल आणि मग अम्मी-अब्बांना शिकवेल.

आणि साधन कुठलंही असो, सबमिट करण्याआधी नाव आणि खाते नंबर कागदाशी ताडून पाहायला विसरू नका. लोकांचे कागद आपल्याकडे अमानत असतात. आम्ही आता एका वेळी एकाच मुलाची फाईल टेबलावर घेतो. बाकीचे कागद कपाटात, आणि स्क्रीनवरही तसंच.