पेमगिरीवरून लाल महालाकडे

पुण्याचा लाल महाल बघायला आपल्याकडून शाळांच्या सहली जातात. आत जिजाऊंचा पुतळा, प्रसंगचित्रे, किल्ल्यांचा नकाशा. शिवाजी महाराज इथेच राहायचे का, असे मुले विचारतात. उत्तर अर्धेच होकारार्थी आहे, आणि त्याची सुरुवात संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरी किल्ल्यावर होते.

1633 साली मोगलांनी दौलताबाद घेतले, निजामशहा कैदेत गेला. महाराजांचे वडील शहाजीराजे यांनी त्या घराण्यातला मूर्तझा नावाचा पोर पेमगिरीवर गादीवर बसवला आणि तीनेक वर्षे त्याच्या नावाने कारभार हाकला. शेवटी शहाजहान स्वतः दख्खनेत उतरला, आदिलशाही त्याला मिळाली. 1636 मध्ये माहुली किल्ल्यावर शहाजीराजांना तो पोर मोगलांच्या स्वाधीन करावा लागला. ते आदिलशाहीच्या चाकरीत कर्नाटकात गेले. पुण्याची जहागीर तेवढी राहिली. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने गाढवाचा नांगर फिरवलेल्या त्या उजाड गावात जिजाऊ आणि शिवबांसाठी वाडा उठला, तोच लाल महाल. पेमगिरीचा डाव साधला असता, तर पुण्यात घर करायची वेळ कदाचित आलीही नसती.

1660 मध्ये मोगल सुभेदार शायिस्ताखान त्याच वाड्यात ठाण मांडून बसला. 5 एप्रिल 1663 ची रात्र, रमजानचे दिवस. मुदपाकखान्याकडची बुजवलेली वाट फोडून महाराज मोजक्या माणसांनिशी आत शिरले. लहानपणापासून पायाखालचे घर. अंधारात वाट कुणाला विचारायची गरज नव्हती. खानाची बोटे तुटली आणि त्याने पुणे सोडले.

पुढे वाडा ढासळत गेला. 1730 मध्ये जवळच शनिवारवाड्याचा पाया पडला आणि गावाचे लक्ष तिकडे गेले. आज दिसते ती वास्तू पुणे महापालिकेने 1984 ते 1988 या काळात, जुन्या जागेच्या एका भागावर बांधली. 2010 मध्ये तिथून जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांचा पुतळा हलवला, तेव्हा वीस-बावीस वर्षांच्या त्या इमारतीवरून अख्खे राज्य तापले होते!

स्मारक म्हणून लाल महाल हवाच. पण त्यात जुना दगड शोधू नये. तो पेमगिरीवर आहे, कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत. सहल पुण्याला न्याच. त्याआधी मुलांना एक सकाळ पेमगिरीवर घेऊन जा.