फिरायला निघालेले आणि चालत निघालेले

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याच्या अंतरवाली सराटी या गावाचे नाव २०२३ साली सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. तेथील उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार आणि त्यानंतर लोटलेली गर्दी यांवर पुष्कळ लिहून झाले आहे. आमचा आजचा विषय तो नाही. आमचा विषय त्याच्या तीन वर्षे आधीचा, म्हणजे गर्दी हा शब्दच गुन्हा ठरला होता आणि घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला जाब विचारला जात होता, त्या काळातला आहे.

अंतरवाली सराटीसारख्या गावात 'फिरायला जाणे' हा प्रकार फारसा नसतो. गडी शेतात जातो, बाई पाण्याला जाते, सरपण आणते, ऊसतोड मजूर दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याची वाट धरतो. पायाला रोजच एवढे काम असते की मुद्दाम चालण्याची गरज कोणाला पडत नाही. शहरात मात्र फिरायला जाण्यासाठी वेगळे बूट लागतात, वेगळी वेळ लागते आणि मुख्य म्हणजे मोकळी जागा लागते. कोरोनाच्या काळात या दोन प्रकारच्या चालण्याला शासनाने, पोलिसांनी आणि समाजाने दोन वेगळ्या मापांनी मोजले, हे आम्हाला येथे मांडायचे आहे.

३१ मे २०२० रोजी राज्य शासनाने 'मिशन बिगीन अगेन'चा आदेश काढला. त्यानुसार ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ या वेळेत समुद्रकिनारे, मैदाने, बागा येथे चालणे, धावणे, सायकल चालवणे याला मुभा मिळाली. घोळका नको, घराजवळच फिरा, अशी अट होती. अडीच महिने कोंडलेली मुंबई बाहेर पडली आणि पहिल्याच शनिवार-रविवारी मरीन ड्राइव्हवर माणसांची रीघ लागली. छायाचित्रे छापून आली, ओरड झाली. गर्दी अशीच राहिली तर पुन्हा टाळेबंदी करावी लागेल, असा इशारा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दिला.

या फिरणाऱ्यांना शिव्या देणाऱ्यांत आम्ही सामील होणार नाही. मोकळ्या हवेत अंतर राखून चालणाऱ्याला लागण होण्याचा धोका बंद खोलीत बसलेल्यापेक्षा बराच कमी असतो, हे आज सर्वमान्य आहे. मग मरीन ड्राइव्हवर गर्दी का झाली? मुंबईकर बेशिस्त आहे म्हणून नव्हे. या शहरात माणसाला पाय टाकायला जागाच राखलेली नाही म्हणून! मैदाने क्लबांना दिली, आरक्षित भूखंडांवर इमारती चढल्या, आणि उरलेल्या चार जागांवर लाखो लोक एकाच वेळी उतरले, तर गर्दी होणार नाही तर काय होणार?

आणि ज्याला मरीन ड्राइव्हही लांब, त्याचे काय? धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरची ही वस्ती, लोकसंख्या साडेआठ लाखांच्या घरात, आणि बहुसंख्य लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसे. त्यांनी 'घरातच राहा' हा आदेश पाळायचा म्हणजे पाळायचा कसा? सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहणे हेच त्यांचे गर्दीतले 'मॉर्निंग वॉक'. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईच्या तीन विभागांत रक्ताची तपासणी केली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले, तर इमारतींत १६ टक्के लोकांना. विषाणू जात-धर्म पाहत नाही, असे त्या वेळी फार ऐकवले गेले. तो घराचे क्षेत्रफळ मात्र पाहत होता, आणि या देशात कोणाच्या वाट्याला किती क्षेत्रफळ आले आहे हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

आता जालन्याकडे येऊ. मरीन ड्राइव्हवर ती गर्दी झाली त्याच्या बरोबर महिनाभर आधी, ७ मे २०२० च्या संध्याकाळी, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे वीस मजूर गावाकडे निघाले. मध्य प्रदेशातील शहडोल, उमरिया या आदिवासीबहुल जिल्ह्यांतले हे लोक. काम बंद, मजुरी बंद. घरी जाण्यासाठी पास मागितले होते, ते आले नाहीत, असे वाचलेल्यांनी सांगितले. श्रमिक रेल्वेगाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, पण त्यात जागा मिळवायला कागद लागत होता. रस्त्यावर पोलीस अडवतील, म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. टाळेबंदी आहे म्हणजे गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज. रात्रभर चालून थकले आणि बदनापूर-करमाडच्या दरम्यान रुळांवरच टेकले. ८ मेच्या पहाटे सव्वापाचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले.

लगेच प्रश्न विचारला गेला: रुळांवर झोपायचे कशाला? आमचा प्रश्न निराळा आहे. या वीस जणांना जालना ते औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) हा डांबरी रस्ता का धरता आला नाही? रस्ता तर मोकळाच होता. तो ज्यांच्या घामाने तयार होतो त्यांनाच त्यावरून चालण्याची भीती वाटत होती. तीच गत ऊसतोड मजुरांची. एप्रिल २०२० च्या मध्याला शासनाने परवानगी देईपर्यंत लाखाहून अधिक मजूर फडात नाही तर कारखान्याच्या आवारात अडकून पडले होते. कोणी गावाजवळ पोहोचलाच तर वेशीवर काट्या टाकलेल्या. शहरातल्या सोसायट्यांच्या फाटकांवरही पाट्या लागल्या आणि मोलकरणीला बाहेर उभे केले. 'बाहेरचा' माणूस वेशीबाहेर ठेवण्याची या समाजाला जुनीच सवय, ती रोगाच्या निमित्ताने किती सहज परत आली!

पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावर योगासने करायला लावली, तेव्हा ती बातमी गमतीने छापली गेली. मजुरांच्या वाट्याला गंमत आली नाही, दांडका आला आणि गुन्हेही आले. ९ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की, टाळेबंदीत रस्त्याने गेले म्हणून मजुरांवर आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ खाली जे खटले भरले आहेत, ते मागे घेण्याचा विचार करा. म्हणजे मरीन ड्राइव्हवरील फिरणे शासनाच्या आदेशाने आरोग्यासाठी चांगले ठरले होते, आणि त्याच आठवड्यात घरी चालत जाण्याबद्दलचे खटले कोर्टाला निस्तरावे लागत होते.

संविधानाच्या कलम १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्या सोबत रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचाही स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नाही. ज्या समाजाला २० मार्च १९२७ रोजी महाडला सार्वजनिक तळ्यापर्यंत चालत जाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याला रस्त्यावरून चालणे हा केवढा हक्क आहे हे ठाऊक आहे. आणि म्हणूनच तो हक्क कधी आवरायचा हेही ठाऊक आहे. १४ एप्रिल २०२० ची जयंती घराघरांत झाली. ६ डिसेंबर २०२० रोजी चैत्यभूमीवर येऊ नका म्हटल्यावर दरवर्षी येणारा जनसागर आपापल्या गावी थांबला. गर्दी म्हणजे अडाणी लोक, असे बोलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बंदी घालूच नये, असे आमचे म्हणणे नाही. रोग फैलावत असताना माणसे पांगवावीच लागतात. पण पांगवायला जागा लागते. बागा आणि मैदाने कुलूपबंद करून माणसांना खुराड्यात कोंडणे हे पांगवण्याच्या नेमके उलट होते. शाळांची पटांगणे रिकामी होती, महाविद्यालयांची मैदाने रिकामी होती, क्लबांची हिरवळ तर वर्षभर रिकामीच असते. वस्त्यांना वेळ वाटून देऊन ती उघडता आली असती. आणि रस्ता बंद करण्याआधी परगावच्या मजुराला घरी पोहोचवण्याची, नाहीतर तो जिथे आहे तिथे मजुरीसह ठेवण्याची सोय करता आली असती. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा आणि बारापासून बंद, या चार तासांत ते होणे शक्य नव्हते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो, जिल्हाधिकारी त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि आराखडा दरवर्षी तपासून सुधारायचा असतो. कोरोनाकाळात राज्याचे आरोग्यमंत्री राहिलेले राजेश टोपे याच जालना जिल्ह्याचे. तेव्हा जालन्याच्या आराखड्यात साथीच्या वेळी कोणती मैदाने उघडी राहतील, कारखान्यातला परप्रांतीय मजूर आणि परजिल्ह्यात गेलेला ऊसतोड मजूर घरी कसा पोहोचेल, आणि पायी निघालेल्या माणसाला पाणी, भाकरी व निवारा कोणत्या फाट्यावर मिळेल, हे लिहिलेले आहे का? अंतरवाली सराटीच्या ग्रामसभेने पुढच्या बैठकीत हा प्रश्न ठरावात घालून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी उत्तर मागावे. करमाड, बदनापूर आणि वडीगोद्रीनेही मागावे.