जीपचा जुना मागचा ॲक्सल घेताना



जायकवाडीचे धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे गेला आणि कालव्याखालच्या व गोदाकाठच्या काळ्या रानात ऊस उभा राहिला. पण रान काळे तशी वाटही काळी. पावसाळ्यात पाणंदीत साधी गाडी चार पावले जात नाही. म्हणून आपल्यातल्या काही सभासदांनी जुन्या जीपा अजून राखून ठेवल्या आहेत. ठिबकच्या नळ्या, खताची पोती, रोपांचे ट्रे, नदीवरचे इंजिन, सगळे त्यातूनच जाते.

या जीपांचे मूळ अमेरिकेतल्या विलिज गाडीत आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत या गाडीची जोडणी सुरू केली आणि पुढे कित्येक वर्षे त्याच घडणीच्या जीपा खेडोपाडी आल्या. गाडी दणकट खरी, पण वय कोणाला चुकले आहे? गटात फिरताना आम्हांला हल्ली एकच तक्रार वारंवार ऐकू येते : "साहेब, मागून घरघर येतेय. मिस्त्री म्हणतो, ॲक्सल आख्खा बदला."

नवा मिळणे अवघड, म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. कोणी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जातो, कोणी थेट दिल्लीच्या मायापुरीतून मागवतो. जुना माल घेण्यात कमीपणा काहीच नाही, मात्र डोळे उघडे ठेवून घ्यावा.

जीव कशात अडकला आहे

बैलगाडीला जसा कणा, तसा जीपला मागचा ॲक्सल. फरक इतकाच की, हा कणा ओझेही वाहतो आणि चाकही फिरवतो. या घडणीच्या बहुतेक नागरी जीपांचा मागचा ॲक्सल 'सेमी-फ्लोटिंग' जातीचा असतो. म्हणजे चाक थेट शाफ्टच्या टोकावर बसवलेले असते. शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला, की चाक ड्रमसकट निघून जाते. ब्रेकचे तेलही त्याबरोबर जाते. हँडब्रेक ओढावा, तर कित्येक जुन्या जीपांत तो चाकाला नसून गिअरपेटीमागच्या शाफ्टला असतो. एक बाजूचा शाफ्ट तुटल्यावर तोही गाडी धरत नाही. राष्ट्रीय महामार्ग ५२ वर मागून भरधाव ट्रक येत असताना हे घडले तर काय होईल, ते सांगायला नको. म्हणून या खरेदीत शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस नंतर करावी, तपासणी आधी करावी.

आधी दात मोजा

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. बाहेरून दोन ॲक्सल सारखे दिसतात, पण आतल्या क्राऊन-पिनियनचे दात वेगळे असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपला क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे ४.८८ चे प्रमाण. पुढच्या नागरी सीजे-३बी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. नंतरच्या गाड्यांत आणखी वेगळी प्रमाणे आली.

पुढचा ॲक्सल ५.३८ चा आणि मागचा ४.८८ चा बसवला, तर पुढची चाके १०० फेरे घेतात तेव्हा मागची ११० घेऊ पाहतात. दोन बैल एका जुवाला, पण एक चालतो आणि दुसरा पळतो, तशी गत. चिखलात चाके घसरतात म्हणून ते कळत नाही. घट्ट जमिनीवर पुढची ओढ लावली, की गिअर आवळले जातात आणि एखाद्या दिवशी फुटतात.

दुकानात मोजणी सोपी आहे. ॲक्सल ठोकळ्यांवर ठेवा. एक चाक किंवा हब घट्ट धरून ठेवा आणि दुसरा बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवा. पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून तिचे फेरे मोजा. पाच फेरे आणि सहाव्याचा तिसऱ्या भागाहून थोडा अधिक भरला तर ५.३८. पाचवा फेरा पुरा व्हायला थोडेसेच उरले तर ४.८८. आपल्या गाडीचा पुढचा ॲक्सल घरी याच रीतीने आधी मोजून जावे.

दुकानात काय पाहावे

१. तेल : खालचा बूच काढून तेल पाहा. त्यात लोहचुंबक फिरवा. बारीक करडी भुकटी थोडी येतेच. चमकते तुकडे आले तर दात किंवा बेअरिंग गेले समजा. तेल ताकासारखे पांढरट असेल तर आत पाणी गेलेले आहे. दुकानदाराने तेल आधीच काढून आतून धुऊन ठेवले असेल, तर झाकण उघडून दात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. हौजिंग : दोन्ही नळ्यांवरून दोरी ताणून पाहा. वाक असेल, किंवा मधल्या गोळ्याजवळ नंतरचे वेल्डिंग दिसत असेल, तर तो माल सोडा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठकांमधले अंतर आपल्या गाडीशी जुळते का, तेही टेपने मोजा.

३. पिनियन : फ्लँज धरून वर-खाली हलवा. तिथे हेलकावा अजिबात नको. गोल फिरवताना किंचित मोकळीक असते, ती असावीच लागते.

४. शाफ्ट : बाहेर काढून पाहा. टोकाचे उतरते तोंड आणि चावीची खाच इथेच तडा सुरू होतो. शाफ्ट डिझेलमध्ये भिजवून कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतले डिझेल झिरपून काळी रेघ उमटते.

जोडलेला शाफ्ट फुकट मिळाला तरी घेऊ नये. शाफ्टचे पोलाद पाणी देऊन कणखर केलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पाणी उतरते आणि तो पुन्हा तिथेच तुटतो.

दुरुस्ती करताना

बेअरिंग आणि ऑइल सील दिसायला चांगले असले, तरी एवीतेवी उघडलेच आहे तर नवे टाकावेत. क्राऊन आणि पिनियन मात्र जोडीनेच बदलावे. कारखान्यात ती दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेली असतात. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन म्हणजे कायमची घरघर. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण करूनच त्या सोडवाव्यात. मधल्या पातळ पत्र्या, म्हणजे शिम, ज्या जागेच्या त्या जागी दोऱ्यात ओवून ठेवाव्यात.

दात नीट बसले की नाही, हे जुने मिस्त्री शेंदूर तेलात कालवून पाहतात. दातांना तो लेप लावून क्राऊन फिरवला, की घासल्याची खूण उमटते. ती दाताच्या मधोमध यावी, कडेला नको. शेंदरात शिसे असते, म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला बसू नये. शिवाय डायल गेज असलेला मिस्त्री शोधावा. 'हाताला बरं लागतंय' एवढ्यावर हे काम सोडू नये.

हबची मोठी नट पूर्ण ताकदीने आवळून पिन टाकावी. तिथे ओझे चावी वाहत नाही, उतरत्या तोंडाची पकड वाहते. नट सैल राहिली की आधी चावी कापते, मग शाफ्ट.

हौजिंगवरचा छोटा श्वासनळ चिखलाने बुजतो, तो मोकळा करावा. तो बंद असेल तर तापलेली हवा तेलाला सीलबाहेर ढकलते, ते ब्रेकच्या लायनरवर जाते आणि ब्रेक एकाच बाजूला लागतो. सील पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष बहुधा इथे असतो. तेल हायपॉइड गिअरसाठीचे ९० नंबरचे ईपी घालावे. इंजिनचे काढलेले तेल घालणे ही काटकसर नव्हे.

पावतीचे काय?

विकणाऱ्याकडून पक्की पावती घ्या. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रे आहेत, तिथला माल कागदासह मिळू शकतो. चोरीचा माल आहे असे मानण्यास कारण असूनही तो घेतला, तर भारतीय न्याय संहिता २०२३ च्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. 'स्वस्तात मिळाला' हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही.

हिशेबही आधी मांडावा. ॲक्सलची किंमत, भाडे, बेअरिंग, सील, लायनर, तेल आणि मजुरी एकत्र लिहा. क्राऊन-पिनियनही नवे लागणार असेल, तर आपलाच जुना ॲक्सल दुरुस्त करणे परवडते का, ते मिस्त्रीसमोर बसून ठरवा.

काम झाल्यावर पहिली फेरी रिकाम्या गाडीने, गेवराई ते गढी एवढीच करावी. थांबून दोन्ही हब आणि मधला गोळा यांना सांभाळून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर गाडी परत मिस्त्रीकडे न्यावी. काहीशे किलोमीटरनंतर पहिले तेल बदलून टाकावे आणि हबच्या नटा पुन्हा पाहाव्यात.

हे सगळे काम पावसाळ्यातच उरकावे. एकदा कारखान्याचा भोंगा वाजला आणि टोळ्या फडात उतरल्या, की ना मिस्त्रीला सवड असते ना आपल्याला. आणि एक विनंती : जीप कितीही चांगली झाली, तरी तिच्यामागे उसाची ट्रॉली जोडू नका आणि तोडणी मजुरांची लेकरे त्यात कोंबू नका. तो ॲक्सल त्या ओझ्यासाठी घडवलेला नाही.