भुतांपेक्षा मंडळी भयंकर

पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या वर्षानुवर्षं दौंडला उलट्या फिरत. इंजिन सुटायचं, वळसा घालून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी शेपटाच्या बाजूने नगरकडे निघायची. कॉर्ड लाइन झाल्यावर बऱ्याच गाड्यांचा हा खोळंबा टळला. पण तोवर त्या खोळंब्यावर बरीच पुस्तकं वाचून झाली होती. शिरूरला, म्हणजे घोडनदीला, तर रेल्वेच नाही. घोडनदीच्या वाचकाचा सगळा भार एसटी स्टँडवर आणि वाचनालयावर. अशा गावांत जाड खाकी कव्हर घातलेली, मागे मुदतीचे शिक्के असलेली एक प्रत डझनावारी घरांतून फिरते आणि तिचं शेवटचं पान हमखास सुटं झालेलं असतं. ते पुस्तक बहुधा भयकथाकार नारायण धारपांचं असतं.

धारपांचा जन्म १९२५चा, मृत्यू २००८चा. म्हणजे २०२५ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. वाङ्मयेतिहासाच्या जाडजूड खंडांत ते फारसे सापडत नाहीत, वाचनालयाच्या देवघेव रजिस्टरमध्ये मात्र पानोपानी सापडतात. त्यांचा ‘समर्थ’ हा नायक मांत्रिक वाटत नाही. शांत, नेटका, कमी बोलणारा. अघोरी शक्तीशी त्याचा सामना होतो तोही एखाद्या निष्णात डॉक्टरने पेशंट तपासावा तसा. सोबत अप्पा जोशी, ज्यांना आपल्यासारखाच घाम फुटतो. हा घाम महत्त्वाचा, कारण वाचक समर्थांच्या जागी कधीच नसतो, तो अप्पांच्या जागी असतो.

धारपांवरचा जुना आरोप उचलेगिरीचा. ‘लुचाई’मागे स्टीफन किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ आहे, ‘शपथ’मागे त्याचीच १९८६ची ‘इट’. आरोप खरा आहे आणि त्या काळी ऋणनिर्देशाची चाल आपल्याकडे ढिलीच होती, असं म्हणून तो पुसताही येत नाही. तरी धारपांनी आणलेला माल इथल्या मातीत रुजवला, हे मान्य करावं लागतं. त्यांच्याकडे सरदारांचे किल्ले नाहीत. आहेत ते मास्तर, कारकून, भाडेकरू, आणि बाजारभावापेक्षा फार स्वस्तात मिळालेलं घर. संकट दारातून आत येतं ते रीतसर खरेदीखत करून. शिरूर-दौंडच्या वाचकाला याहून जवळचं काय असणार? इथे निम्म्या भावकीचे तंटे सातबाऱ्यावरच पेटतात.

जादू आणि गुप्त मंडळं आपल्या कादंबरीत धारपांच्या आधीपासून होती. मराठी कादंबरी मुळात जन्मली तीच अद्भुताच्या पोटी. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला, नंतर बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आले. अर्नाळकरांच्या पुस्तकांची संख्या हजारावर जाते. दिवाळी अंकांनीही हे खूळ जोपासलं. अनंत अंतरकरांनी ‘नवल’ काढलं, ‘धनंजय’ आणि ‘चंद्रकांत’ यांनी गूढकथेला दरवर्षी हक्काची जागा दिली. फराळाच्या ताटाशेजारी करणी-चेटकाची गोष्ट वाचण्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही, ते या अंकांच्या कृपेने.

एक अडचण मात्र मराठी लेखकापुढे होती. गुप्त मंडळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चांगली माणसं येतात. नाशिकच्या क्रांतिकारकांचा मित्रमेळा, त्यातून १९०४ साली उभी राहिलेली अभिनव भारत, शपथा, सांकेतिक निरोप. त्याआधी महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं जपले, आणि इतिहासकार राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली शोधेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचताच येत नव्हते. इतक्या सोज्ज्वळ परंपरेत खलनायकांचं मंडळ बसवायचं कसं?

ते बसवून दाखवलं जी. ए. कुलकर्ण्यांनी, आणि जी.ए. काही रहस्यकथाकार नव्हेत. ‘पिंगळावेळ’ या संग्रहात त्यांची ‘स्वामी’ नावाची दीर्घकथा आहे. प्रवासात अडकून पडलेला एक साधा माणूस. पुढची गाडी नाही, रात्र कुठे काढावी कळत नाही. एक महंत भेटतो, आदराने मठात घेऊन जातो. जेवण उत्तम, अंथरूण मऊ, बोलणं विनयाचं. मग हळूहळू कळतं की त्याला या मठाचा स्वामी नेमलं आहे आणि स्वामीने जमिनीखालच्या त्या खोलीतून कधीच बाहेर पडायचं नसतं. कुणी मारत नाही, शिव्या देत नाही, उलट त्याची पूजाच होणार असते. या कथेत भूत नाही, मंत्रतंत्रही नाही. आहेत ती एका गोष्टीवर एकमत झालेली चार सभ्य माणसं. रात्री आडगावी एसटी चुकलेल्या कोणालाही ही कथा वाचायला देऊ नये, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इंग्रजीत जादू आणि गुप्त मंडळांच्या कादंबऱ्यांना सध्या मोठी भरती आली आहे. कॉलेजात जाणारी पोरं त्या मोबाइलवर वाचतात. त्यांतली हातात घ्यावी अशी एक म्हणजे ली बार्डुगो यांची २०१९ची ‘नाइन्थ हाउस’. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विद्यार्थ्यांची गुप्त मंडळं खरोखरच आहेत. त्यांतलं ‘स्कल अँड बोन्स’ तर १८३२ सालचं. बार्डुगो स्वतः येलमध्ये शिकल्या. त्यांच्या कादंबरीत प्रत्येक मंडळाच्या ताब्यात एकेक विद्या आहे. स्कल अँड बोन्सवाले जिवंत माणसाचं पोट उघडून त्याची आतडी वाचतात. कशासाठी? शेअर बाजार चढणार की पडणार, हे आधी कळावं म्हणून. ज्याचं पोट उघडलं जातं तो इस्पितळातून उचलून आणलेला, मागेपुढे कुणी नसलेला माणूस. आतडी पाहणारी श्रीमंतांची पोरं अंगावर पायघोळ झगे चढवून उभी असतात, वहीत आकडे टिपून घेतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसतात. नायिका अ‍ॅलेक्स स्टर्न हिला मेलेली माणसं दिसतात, पण तिला खरी धास्ती जिवंतांचीच.

‘तुंबाड’ चित्रपटातही हेच आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून धारपांची एक गोष्ट ऐकली आणि चित्रपट पडद्यावर आला २०१८मध्ये. त्यातल्या आजीच्या प्रसंगामागे धारपांची ‘आजी’ ही कथा आहे आणि तिच्यामागे पुन्हा किंगच. चित्रपटातला वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. म्हणजे दौंडहून दुपारी निघालात तर दिवेलागणीच्या आत पोचाल. हस्तर नावाच्या राक्षसासाठी कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचं, तो ती खात असताना त्याच्या लंगोटीतून मोहरा ओढायच्या. बाप ही कला मुलाला शिकवतो, जशी एखाद्या घरात दुकानाची गादी शिकवतात. हस्तर बिचारा भुकेला आहे, हावरी आहे ती घरातली मंडळी.

सासवडच्या वाटेवर यवतजवळच्या डोंगरावर भुलेश्वर आहे. बाहेरून पाहिलं तर देऊळ न वाटता गढी वाटते. आत शिरल्यावर पायऱ्या अंधारात वळतात आणि मग काळ्या दगडातल्या योगिनींच्या रांगा लागतात, त्यांत स्त्रीरूपातला गणपतीसुद्धा. पिंडीखालच्या पोकळीत पेढ्यांचं ताट ठेवतात आणि बाहेर काढलं की एखादा पेढा कमी भरतो, असं सांगतात. उंदीर की महादेव, हा वाद गड उतरेपर्यंत पुरतो. जादू अशी असावी. एक पेढा गेला, कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका-मुलींचे खून झाले. गुप्तधन आणि संततीसाठी दिलेले बळी, असं पोलिसांच्या तपासातून पुढे आलं. तपास पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींकडे होता. त्या तपासाची हकीकत वाचताना धारपांची आठवण येते आणि मग त्या आठवणीचीच लाज वाटते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुप्तधनासाठीचे अघोरी प्रकार त्यात आले, नरबळी आला, भानामती आली.

‘असली पुस्तकं वाचून पोरं बुवाबाजीला लागतात’ असं काही पालक म्हणतात. मला उलट वाटतं. ज्याने धारप, जी.ए. आणि बार्डुगो पचवले आहेत, त्याच्या घरी ‘तुमच्या वावरात गुप्तधनाचे सात हंडे आहेत’ म्हणत कुणी आला, तर तो पहिला प्रश्न विचारील, ‘यात तुमचा वाटा किती?’ या सगळ्या कादंबऱ्यांत शेवटी कुणीतरी तो प्रश्न उशिरा विचारतं म्हणून तर पानं भरतात.

शिरूर-दौंडवर अशी कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही. सामग्री काय कमी आहे? घोडनदीची इंग्रजांची जुनी छावणी, दौंडची रेल्वे कॉलनी, भीमेचा डोह, माणसाच्या उंचीवर गेलेला ऊस. या उसात हल्ली हडळीपेक्षा बिबट्याचं भय जास्त, हा भाग वेगळा. मी लिहायला बसलो तर सुरुवात एखाद्या काल्पनिक साखर कारखान्याच्या संचालक मंडळापासून करीन. अमावास्येची बैठक, दार आतून बंद, टेबलावर चहाचे कप तसेच निवलेले, आणि येलच्या पोरांसारखंच मधोमध काहीतरी उघडून ठेवलेलं. सगळे वाकून पाहताहेत की यंदा उसाची पहिली उचल किती जाहीर करायची.