साप खात नाही तेव्हा पेटीकडे बघा

डिसेंबर-जानेवारीत कोलकात्याचं किमान तापमान चौदा अंशांच्या आसपास येतं. आपल्याकडे नाशिक-निफाडला याहून कडाक्याची थंडी पडते, म्हणून मराठी माणसाला हे फारसं वाटणार नाही. पण कोलकात्यातल्या बेहालासारख्या भागात, डायमंड हार्बर रोडच्या आतल्या गल्लीतल्या फ्लॅटमध्ये काचेच्या पेटीत बॉल पायथन ठेवला असेल, तर हे चौदा अंश त्याच्या पोटापर्यंत पोचतात. हा छोटा अजगर मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखी गुंडाळी करतो, त्यावरून त्याला हे नाव पडलं. थंडीच्या तोंडावर तो अचानक खायचं बंद करतो आणि घरात धावपळ सुरू होते. कुणी म्हणतं आजारी आहे, कुणी म्हणतं रुसलाय, कुणी तोंड उघडून उंदीर आत ढकलायला सांगतं. यातला जवळपास प्रत्येक सल्ला सापाच्या तोंडाकडे बघतो. कारण मात्र बहुतेक वेळा पेटीत असतं: तिच्या तापमानात, ओलाव्यात, आडोशात. साप अन्न नाकारतो तेव्हा तो तुम्हाला पेटीची अवस्था सांगत असतो.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे खाणं थांबलं की जीव धोक्यात आला. आपण सस्तन प्राण्यांच्या हिशेबाने विचार करतो. आपलं शरीर गरम ठेवायलाच रोज इंधन लागतं, मांजर चार दिवस जेवली नाही तर ती खरोखर संकटात असते. साप शरीराची उष्णता बाहेरून घेतो, त्यामुळे त्याचा रोजचा खर्च फार थोडा. मार्शल मॅक्यू या अमेरिकी संशोधकाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बॉल पायथनसह तीन जातींच्या सापांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवून मोजमापं घेतली. काही सापांनी आपल्या चयापचयात ७२ टक्क्यांपर्यंत घट केली होती, आणि त्या काळातही त्यांची लांबी वाढत राहिली. बर्मी अजगरावर स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड यांनी केलेलं काम याचीच दुसरी बाजू दाखवतं. दोन जेवणांच्या मधल्या काळात त्याचं आतडं आक्रसतं, पचनाची यंत्रणा जणू झाकून ठेवली जाते, आणि भक्ष्य गिळल्यावर एकदोन दिवसांत सगळं पुन्हा उभं राहतं, हृदयसुद्धा मोठं होतं. उपास हा या शरीराच्या रचनेतच बसवलेला आहे. विणीच्या हंगामात नर महिनोन्महिने खात नाहीत, पोटात अंडी असलेली मादी खात नाही, कात टाकण्याआधी डोळे दुधाळ निळसर झाले की कोणताच साप सहसा खात नाही. यातलं काहीही आजारपण नाही.

आता थंडीकडे परत येऊ, कारण बेहालातल्या पेटीचा खरा प्रश्न तिथे आहे. गिळलेला अख्खा उंदीर पचवायला सापाला उष्णता लागते. बॉल पायथनच्या पेटीची एक बाजू ३१-३२ अंश आणि दुसरी २५ ते २७ अंश हवी, म्हणजे तो स्वतः सरकून हवी तेवढी ऊब घेतो. खोली १८ अंशांवर आणि पेटीत उबेची सोय नसेल, तर पोटातलं भक्ष्य पचण्याआधी सडू लागतं. साप ते ओकून टाकतो, आणि त्या ओकारीने अन्ननलिका पोळते. म्हणजे थंडीत त्याने अन्न नाकारणं हे शहाणपण आहे. त्याला जबरदस्तीने भरवणं म्हणजे ज्या संकटातून तो स्वतःला वाचवतोय त्यात त्याला ढकलणं. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की कोलकाता वर्षातले दहा महिने गरमच असतं, मग हीट मॅट आणि थर्मोस्टॅट कशाला? पण एप्रिल-मेमधली बंद खोली पेटीला ३५ अंशांच्या वर नेते, आणि तेवढी उष्णताही भूक मारते. पावसाळ्यात हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो, पेटीतला भुसा ओला राहतो, खवले कुजतात, श्वासाचे विकार होतात. बाहेरचं हवामान उष्ण आहे म्हणून पेटीचं हवामान बरोबर असतं असं नाही. काचेवर चिकटवलेल्या गोल तापमापकावर विसंबू नका, तो काचेजवळची हवा मोजतो. सेन्सरची वायर सापाच्या लपण्याच्या जागेच्या तळाशी ठेवा. आणि लपण्याची जागा दोन्ही टोकांना हवी, अंगाला चिकटून बसेल इतकी अरुंद. रानात हा प्राणी उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत दिवस काढतो. चारी बाजूंनी उघड्या काचेत, रोज पाहुण्यांच्या हातात फिरणाऱ्या सापाला भूक लागत नाही, कारण त्याच्या लेखी तो कुणाच्या तरी तावडीत आहे. मालकाशेजारी सरळ पसरून झोपणारा साप ‘माप घेतोय’ आणि मोठ्या घासासाठी उपास करतोय, ही फिरत असलेली गोष्ट मात्र निव्वळ कल्पना आहे. अजगर भक्ष्याचं माप घेत नाही.

जिवंत उंदीर पेटीत सोडून दार लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ‘भूक लागली की खाईल.’ भूक नसलेल्या सापाबरोबर रात्रभर कोंडलेला उंदीर मात्र स्वतः भुकेला होतो, आणि त्याचे पटाशीचे दात सापाची पाठ कण्यापर्यंत कुरतडू शकतात. साप पळू शकत नाही, उलटून लढतोच असंही नाही. दूध पाजण्याचा सल्ला तर आपल्या भाषेतच मुरलाय. मराठीत सापाला दूध पाजण्याची म्हण आहे, आणि बंगालीतही दूध-केळं घालून काळसाप पोसण्याचा वाक्प्रचार रोजच्या बोलण्यात आहे. बंगालच्या सर्पदेवतेच्या, मनसादेवीच्या पूजेत आणि आपल्या नागपंचमीत दूध ठेवलं जातं, ते भक्तिभावाने. पण नागपंचमीच्या आधी गारुडी नागाला दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवत आणि तहानेला नाग वाटीतलं जे असेल ते पीत असे, हे लक्षात घेतलं की त्या पिण्याचा अर्थ कळतो. ती तहान होती. सापाचं पोट दुधासाठी बनलेलं नाही. सिरिंजने दूध किंवा अंड्याचा बलक तोंडात सोडणं आणखी वाईट. सापाचं तोंड उघडलं की खालच्या जबड्यात, अगदी पुढे, श्वासनलिकेचं बारीक छिद्र दिसतं. द्रव तिथून फुप्फुसात जायला वेळ लागत नाही.

इथे एक रास्त प्रश्न उभा राहतो. साप सहा महिने उपाशी राहू शकतो असं म्हणत वाट बघायची, आणि तो खरोखर आजारी असेल तर? हा प्रश्न टाळता येत नाही, कारण उपासाने साप मरतातही. उत्तर वजनकाट्यात आहे. भाजीसाठी वापरतात तसा डिजिटल काटा आणि आठवड्याला एक नोंद पुरे. १२०० ग्रॅमच्या प्रौढ सापाचं दोन महिन्यांत ५०-६० ग्रॅम वजन उतरलं, तर काळजी करू नये. घट १२० ग्रॅमच्या पुढे गेली, पाठीचा कणा धारेसारखा वर आला, तोंड उघडं ठेवून श्वास चालू झाला, तोंडात चिकट फेस दिसला, डोकं विनाकारण वर वळू लागलं, तर थांबायचं नाही, सापांचा अनुभव असलेला पशुवैद्य गाठायचा. नुकतंच अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू आणि नुकताच विकत आणलेला साप यांना प्रौढाइतकी मुदत देऊ नये. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या सापांच्या पोटात जंत असतात, अंगावर गोचिड असतात, आणि प्रवासात त्यांचं पाणी तुटलेलं असतं. नळीने भरवणं हा उपचार पशुवैद्यकात आहे, आणि त्याने जीव वाचतातही. पण तो आधी शरीरात पाणी भरून, ऊब देऊन, रोगाचं निदान झाल्यावर, शिकलेल्या हाताने करायचा असतो. घरी स्वयंपाकघरातल्या चिमट्याने तोच प्रयोग केला, तर ती इजा ठरते.

बेहालात हा प्रश्न दुसऱ्या दारानेही येतो. ठाकूरपुकुर, सरसुना, जोका या भागांत तळी आहेत, पावसात पाणी साचतं, आणि साप घरात शिरतात. बंगालीत ज्याला जलढोंडा म्हणतात ती आपली दिवड, घरचिती म्हणजे आपला कवड्या, दाराश म्हणजे धामण. कुणी हौसेने असा साप बरणीत ठेवतो आणि उंदराचं पिल्लू, कच्चं मटण, अंडं देऊन बघतो. तो खात नाही. दिवड बेडूक आणि मासे खाते, कवड्या पालींवर जगतो. या दोघांना उंदीर दाखवणं म्हणजे गाईपुढे मासळी ठेवणं. शिवाय कवड्या समजून पकडलेला साप मण्यार निघू शकतो. इथे खाणं सुरू कसं करायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पकडणं हेही शिकारीच्या व्याख्येत येतं, आणि भारतीय साप घरी पाळण्याची मुभा नाही. अशा सापासाठी वन विभागाला कळवावं, तो त्याच्या तळ्याकाठी परत जावा. बॉल पायथनची गोष्ट वेगळी. तो परदेशी, पण वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतला. त्याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, मृत्यू झाला तर तोही कळवावा लागतो. कागद नसलेला स्वस्त साप बहुधा चोरट्या वाटेने आलेला असतो, आणि न खाणाऱ्या सापांत त्याचा वाटा मोठा असतो.

पेटी नीट झाल्यावर दहा-बारा दिवस सापाला हात लावू नका. मग संध्याकाळी दिवे मंद करून एक प्रयत्न करा. मेलेला, गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या. नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, अंगाची ऊब जिवंत प्राण्याइतकी, ३८-४० अंशांच्या आसपास येईपर्यंत. बॉल पायथनच्या वरच्या ओठावर बारीक खळग्यांची रांग असते. त्यांनी तो उष्णता टिपतो, म्हणून थंड उंदीर त्याला भक्ष्य वाटतच नाही. लांब चिमट्याने उंदीर लपण्याच्या जागेच्या तोंडाशी धरा, हलवू नका. तो डोकं आत घेऊन गुंडाळी करत असेल तर तो अजून घाबरलेला आहे, मागे व्हा. मान मागे ओढली जाऊन वळण घेऊ लागली, की हात स्थिर ठेवा. पहिलं भक्ष्य नेहमीपेक्षा लहान असू द्या. गिळून झाल्यावर दोन दिवस पेटी उघडायची नाही, आणि पुढचा उंदीर दहा दिवसांनी.